हाली, कलदार आणि युरो

बापूंचा नातू जर्मनीत आखेनला असतो, ही बातमी युसूफ वडगावात आता शिळी झाली. ताजी बातमी अशी, की त्याला नाक्यावर अडवलं.

"गुरुजी, आवो आयकलं का?" शेजारच्या आक्कांनी भिंतीवरून हाक दिली ती शेजारच्या गल्लीतही गेली असेल. "आमच्या लेकराची गाडी थांबवली. कागदं बगितली. सुनबाई, पोरगं गाडीत बसलेलं, आन् दारात पोलीस!"

प्रकरण एवढंच होतं. आखेन हे गाव जर्मनीच्या टोकाला. एका अंगाला हॉलंड, दुसऱ्या अंगाला बेल्जियम. पोरगं सुट्टीच्या दिवशी बाजाराला हॉलंडच्या मास्ट्रिख्टला जातं, आपण अंबाजोगाईला जावं तसं. कुणी विचारायचं नाही की कुठून आलास. पण 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं आपल्या साऱ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. बाहेरून विनापरवाना येणाऱ्यांना आवर घालायचा, हे कारण. त्या तपासणीत आमचं लेकरू सापडलं, पासपोर्ट दाखवला, सुटलं. गंमत अशी, की ज्या करारानं युरोपीय संघ जन्माला आला तो 1992 मध्ये ह्याच मास्ट्रिख्टला झाला. म्हणजे संघाच्या बारशाच्या गावाहून भाजी घेऊन येताना नाका लागला.

बापू नव्वदीला टेकलेत. ऐकायला कमी येतं, पण 'नाका' म्हटलं की कान उघडतात.

"त्यात काय? आमच्या टायमाला बार्शीच्या वाटंला करोडगिरीचा नाका व्हता."

आता हे पोरांना सांगावं लागतं. हैदराबाद संस्थानात जकात खात्याला करोडगिरी म्हणायचे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आपण निजामाच्या. बाजार बार्शीचा मोठा, आणि मध्ये सरहद्द. बापू सांगतात, की वडिलांच्या बैलगाडीतली पोती नाकेदार हातानं चाचपून बघायचा, आणि वडील चेहरा असा ठेवायचे की जसं काही त्यांना गाडीत काय आहे ते माहीतच नाही. पुढं 1947-48 मध्ये सरहद्दीवरच्या निजामविरोधी कॅम्पांतून आलेल्या पोरांनी हेच नाके फोडले. लोकांना निजामाचं सार्वभौमत्व दिसायचं ते हैदराबादच्या महालात नव्हे, नाकेदाराच्या हातात. ते फोडायलाही मग तिथूनच सुरुवात झाली.

नाक्यापलीकडे पैसासुद्धा बदलायचा. आपल्याकडं हाली, तिकडं कलदार. सहा कलदारला सात हाली, असा साधारण भाव. बापूंना हा हिशेब अजून तोंडपाठ आहे. नातसुनेचं नाव मात्र दर वेळी विचारतात.

"तिकडं आता एकच पैसा हाय म्हन्तेत," आक्का म्हणाल्या.

एकच, पण सगळ्यांचा नाही. डेन्मार्कच्या लोकांनी 2000 साली मतदान करून युरो नाकारला, स्वीडनच्या लोकांनी 2003 साली. इंग्रजांनी तर पौंड सोडलाच नाही. आपलं नाणं आपल्याच राज्याचं हवं, ही हौस काही एकट्या निजामाची नव्हती. संस्थानाचं स्वतःचं चलन, स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, 1918 पासून उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ. संस्थान गेल्यावरसुद्धा हाली नाणं आणखी काही वर्षं भारतीय रुपयाच्या जोडीनं चाललं. राज्य एका आठवड्यात जातं. खिशातला पैसा एवढ्या लवकर जात नाही.

एवढ्यात पलीकडून चाची आल्या. चाचींच्या घरात उर्दूचा जुना राबता. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून त्यांच्या दारात जुनी कागदं घेऊन माणसं यायची, "एवढं वाचून द्या" म्हणत. दोन पिढ्या ज्या लिपीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही तिला एकदम मान आला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती 2023 पासून ह्या नोंदी धुंडत होती, हैदराबादेपर्यंत माणसं गेली. मग मुंबईत आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटलांचं उपोषण झालं आणि 2 सप्टेंबर 2025 ला सरकारनं निजामकाळातलं हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला.

"हौ, निजामाला शिव्या देनारे बी आता निजामाचा कागद मागतेत," चाची म्हणाल्या. "मी म्हन्लं, बाबा, आधी चहा घे, मग तुझा पनजोबा शोधू."

आरक्षणाचा वाद भिंतीवर आणायचा नाही, असा आमच्यात न बोलता झालेला ठराव आहे; दोन्ही बाजूंची माणसं ह्याच गल्लीत राहतात आणि संध्याकाळी तोंडं बघायची असतात. पण एवढं खरं, की सतरा सप्टेंबरला ज्याच्यापासून मुक्त झालो म्हणून झेंडा लावायचा, त्याच्याच दप्तरात जाऊन आपण कोण ते विचारायचं, अशी पाळी मराठवाड्यावर आली आहे. राज्यकर्ता हाकलता येतो. त्यानं आपली जी नोंद केली ती पुढच्या राज्यकर्त्याच्या कपाटात जाऊन बसते.

चाचींना सतरा सप्टेंबरच्या भाषणांत एक गोष्ट खटकते, ती त्या स्पष्ट बोलतात. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी केलेले जुलूम सांगतात, ते सांगायलाच हवेत. पोलीस अ‍ॅक्शननंतर म्हणजे 1948 मध्ये भारतीय फौजा आल्यावर जे झालं ते कुणी सांगत नाही. पंडित सुंदरलाल ह्यांची समिती केंद्र सरकारनंच पाठवली होती. तिनं सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा अंदाज लिहून दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं उघडा झाला नाही. "दोन्ही सांगा की," चाची म्हणतात, "आमी बी झेंड्याला येतोच." बापू मान हलवतात. रझाकारांच्या धाकानं त्यांच्या घरानं गाव सोडलं होतं आणि परत आल्यावर चाचींच्या सासऱ्यांनी सांभाळून ठेवलेली गाय सोडवून आणली होती. हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून ह्या विषयावर त्यांचं भांडण होत नाही.

मग मी शाळेत सांगायचो तसं सांगायला लागलो. मास्तरकी जात नाही.

निजाम मीर उस्मान अली खान ह्याला आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत असं वाटायचं. वऱ्हाड परत मागताना त्यानं तसं कळवलंही. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्याला पत्रानं सुनावलं, की हिंदुस्थानात वरची सत्ता एकच, ती ब्रिटिशांची. कुठल्याही संस्थानिकानं बरोबरीची भाषा करू नये. तो अपमान त्यानं मनात ठेवला असावा, हा माझा तर्क. जून 1947 मध्ये इंग्रज निघायची वेळ आली तेव्हा त्यानं फर्मान काढलं, की इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. नोव्हेंबर 1947 मध्ये वर्षभराचा जैसे थे करार झाला. दरम्यान लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार मोकाट सुटले. आपले स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी अंबाजोगाईला शाळा चालवली आणि ज्यांच्या नावाच्या दवाखान्यात आपण उठसूट जातो, ते तुरुंगात. निजामानं मग ऑगस्ट 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार नेली. सुरक्षा समितीची बैठक त्या दिवसांत पॅरिसला होती. 16 सप्टेंबरला तिथं हैदराबादचा प्रश्न पटलावर आला, तोवर भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्ग ओलांडून पुढं गेलेल्या. दुसऱ्या दिवशी निजामानं युद्धबंदी जाहीर केली.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पॅरिसला इचारायला गेला. वडगावला न्हाई इचारलं."

ह्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं, कारण नंतरही वडगावला कुणी विचारलं नाही. लोकांचा कौल घ्यावा अशी बोलणी 1948 मध्ये माउंटबॅटनच्या काळात झाली होती; निजामानं मसुदा मान्य केला नाही. खरं सांगायचं तर कौल घेतला असता तरी तो कुठं गेला असता ह्याबद्दल मला शंका नाही. संस्थानात बहुसंख्य माणसं कुठल्या बाजूला होती हे निजामालाही कळत होतं, म्हणून तर तो मतपेटीऐवजी पॅरिसकडं बघत होता. पण विचारणं आणि गृहीत धरणं ह्यात फरक आहे. जुनागढला फेब्रुवारी 1948 मध्ये विचारलं. आणि आपल्या शेजारच्या मुलखात, गोव्याला, 16 जानेवारी 1967 ला विचारलं: महाराष्ट्रात येता का? गोव्यानं एक लाख बहात्तर हजार विरुद्ध एक लाख अडतीस हजार मतांनी नको म्हटलं. मुंबईच्या पुढाऱ्यांना वाईट वाटलं. वाटू दे. गोव्याचं आज जे काही आहे ते विचारून झालेलं आहे.

"आन् ते पैशाचं सांगा की," आक्का म्हणाल्या. ही गोष्ट त्यांना फार आवडते आणि मी ती प्रत्येक वेळी सांगतो.

सप्टेंबर 1948 मध्ये, निजाम शरण येत होता त्याच दिवसांत, त्याच्या सरकारच्या लंडनच्या खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि वर नऊ शिलिंग पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्ताच्या खात्यात गेले. निजाम लगेच म्हणाला, माझी परवानगी नव्हती, परत द्या. बँकेनं सांगितलं, तुमचं ठरल्याशिवाय कुणालाच नाही. मग पाकिस्तान म्हणतं आमचे, भारत म्हणतो आमचे, निजामाचे वारस म्हणतात आमचे. ऑक्टोबर 2019 मध्ये लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला: भारताचे आणि वारसांचे. तोवर दहा लाखाचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

"आन् करोडगिरीला आमच्या बापानं भरलेलं?" बापूंनी विचारलं.

त्याचा खटला अजून कुणी लावलेला नाही.

आता खरी गाठ. ज्या गोष्टीवर आमच्या भिंतीवर दर वर्षी आवाज चढतो ती निजामाची नाही, त्यानंतरची आहे. भाषण करणारा कुणीही असो, कुठल्याही पक्षाचा, त्याचं एक वाक्य ठरलेलं: मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला. टाळ्या पडतात. बापूही वाजवतात. मला त्या टाळ्या ऐकून पोटात कालवतं.

निजामाचं राज्य 1956 मध्ये तीन भाषांत वाटलं गेलं. एका वाड्यातले तीन भाऊ वेगळे निघाले म्हणा. तेलुगू भाऊ आंध्राकडं गेला, कानडी भाऊ म्हैसूरकडं, आणि आपण, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे, आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. तेलुगू भावानं पहिल्यापासून कटकट केली. 1973 मध्ये नोकरी-शिक्षणातल्या स्थानिकांच्या हक्कासाठी राज्यघटनेत 371-ड मिळवलं, तरी समाधान झालं नाही, आणि 2 जून 2014 ला त्यानं तेलंगण म्हणून आपलं घर वेगळं मांडलं. कानडी भाऊ उशिरा जागा झाला, पण 2012 च्या घटनादुरुस्तीनं त्यानं 371-ज पदरात पाडून घेतलं: गुलबर्गा, बिदर, रायचूरच्या पोरांना नोकरीत आणि प्रवेशात राखीव वाटा, स्वतंत्र मंडळ, निधीचं न्याय्य वाटप. मराठी भाऊ? तो विनाअट.

अगदी कोरा नव्हता, हे न्यायानं सांगायला हवं. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आहे. त्यात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडं खास लक्ष, असं सगळं लिहिलंय. विदर्भानं त्यातून निदान नागपूरचं अधिवेशन नेमानं वसूल केलं. आपल्याला औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ 1981 मध्ये मिळालं, तेही मागून मागून. घटनेत 1956 पासून 371(2) आहे, विदर्भ-मराठवाड्यासाठी विकास मंडळं नेमता येतील असं सांगणारं. ती मंडळं 1994 मध्ये आली. म्हणजे कलम घटनेत बसल्यानंतर अडतीस वर्षांनी. दर वेळी मुदतवाढ घेत घेत ती चालली, आणि 30 एप्रिल 2020 ला मुदत संपली ती संपली. तेव्हा महामारी होती, कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्या गल्लीतही नव्हतं. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा आणायचं ठरवलं, ही बातमी मी बापूंना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हन्जे गेली व्हती व्हय?"

हाच खरा मुद्दा आहे, आणि हाच मला युरोपाकडं बघून बोलावासा वाटतो. तिकडं जे देश संघात गेले ते आपली सत्ता थोडी थोडी वर देत गेले, पण प्रत्येक वेळी कागद करून. इंग्लंडच्या थॅचरबाईंनी 1984 मध्ये भांडून वर्गणीतली सूट लिहून घेतली. डेन्मार्कनं 1992 मध्ये मास्ट्रिख्टचा करार थोडक्या मतांनी फेटाळला आणि पुढल्या वर्षी सवलती घेऊनच मान्य केला. 2009 पासून तर बाहेर कसं पडायचं ह्याचंसुद्धा कलम करारात आहे, पन्नासावं. आपल्याकडं अशी भाषा काढली की माणूस फुटीर ठरतो. मला वेगळा मराठवाडा नको आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या पारावर माझं नाव भलत्याच यादीत दिसेल. पण एकत्र राहायचं म्हणून अट विसरायची, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

आक्कांनी इथं मला अडवलं. "गुरुजी, पैसा मिळाला म्हंजे मानूस आपलं व्हतंय व्हय?"

आक्कांची शाळा चौथीपर्यंत, पण नेमक्या जागी बोट ठेवतात. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. गरीब, म्हणून युरोपीय संघाकडून त्याला भरपूर पैसा येत होता. 23 जून 2016 च्या मतदानात त्याच कॉर्नवॉलनं साडेछप्पन्न टक्के मतं संघाबाहेर पडायला दिली. सगळ्या ब्रिटनचा आकडा बावन्नच्या आतला. म्हणजे ज्याला जास्त मिळालं तोच जास्त रुसला. आणि स्कॉटलंड बासष्ट टक्क्यांनी राहू म्हणत होतं, त्याला इंग्लंडबरोबर बाहेर जावं लागलं. म्हणून निधीचे आकडे फेकणाऱ्या पुढाऱ्यांवर माझा विश्वास नाही आणि अनुशेषाचे आकडे फेकणाऱ्या पुढाऱ्यांवरही अर्धाच आहे. माणसाला आपलं कोण वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी ठरतं.

युरोपात 1974 पासून युरोबॅरोमीटर नावाची पाहणी चालते. तुम्ही स्वतःला फक्त तुमच्या देशाचे समजता की युरोपचेही, असं त्यात विचारत आलेत. आमच्या भिंतीवर हा प्रश्न टाकला. बापू म्हणाले, आधी वडगावचा, मग केजचा; बीडचा फक्त मुंबईला गेल्यावर. चाची म्हणाल्या, हिंदुस्थानची, मग वडगावची. मधलं काही नको, मधल्यांनी काय दिलं? आक्का म्हणाल्या, माहेर कळंबचं, ते कुठंच धरत न्हाई तुम्ही. महाराष्ट्राचं नाव पहिल्या फेरीत कुणीच घेतलं नाही. द्वेष म्हणून नव्हे. लक्षात आलं नाही.

पाण्यावर मात्र तिघंही एकदम सार्वभौम झाले. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे आमच्या केज तालुक्यात, आणि लातूर शहर त्याच पाण्यावर. "आमच्या जमिनी गेल्या, पानी लातूरला," बापू म्हणाले. मी म्हटलं, बापू, 2016 च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला पाणी मिरजेहून आगगाडीनं आलं, कृष्णेच्या खोऱ्यातलं. तिकडचे लोक म्हणाले असते 'आमचं पाणी', तर? आणि वर नाशिक-नगरचे लोक जायकवाडीला पाणी सोडताना दर दुष्काळात हेच म्हणतात, तेव्हा आपण काय बोलतो? बापू गप्प राहिले नाहीत. ते म्हणाले, "ते येगळं." प्रत्येक सार्वभौम राजा शेवटी हेच म्हणतो.

आखेनच्या पोराचा रात्री फोन आला. त्याला ह्या कशाचाच राग नव्हता. पासपोर्ट बघितला, दोन मिनिटं लागली, टोमॅटो सुखरूप. त्याला काळजी वेगळीच: जातीच्या दाखल्यासाठी चुलत्यानं पणजोबाचं नाव मागितलंय, ते नीट कळवा.

मराठवाड्यातल्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्याला जा, रांगेत उभे राहा. व्यासपीठावरून कुणी 'विनाअट' म्हणालं की टाळ्या वाजवायच्या आधी हात वर करा आणि विचारा, 371(2) खालचं आमचं मंडळ आज कुठं आहे.